खोल खडकांवरचा मोठा मासा आणि फिशफाइंडर: दोन हंगामांच्या वापरानंतर

बोटीवर हा फिशफाइंडर बसवून दोन हंगाम झाले. घेताना माझी अपेक्षा सरळ होती: किनाऱ्यापासून दूर, ५० ते ७० मीटर पाण्याखालच्या खडकाळ तळावर मोठे हेकरू (ग्रूपर) आणि तांबोशी (स्नॅपर) नेमके कुठे बसले आहेत ते पडद्यावर दिसावे आणि गळ तिथेच सोडता यावा. पहिल्या हंगामात पडद्यावर मासे भरपूर दिसले, गळालाही लागले, परंतु त्यांतले बहुतेक वीतभर, फार तर हातभर. दुसऱ्या हंगामात मी पडद्यावर मासे शोधणे कमी केले आणि तळ पाहू लागलो, तेव्हा कुठे घातलेले पैसे वसूल होऊ लागले.

यंत्र मध्यम वर्गातले आहे. नऊ इंची पडदा, मासे शोधण्यासाठी ५० आणि २०० किलोहर्ट्झ अशा दोन कंप्रता (ध्वनीच्या फ्रिक्वेन्सी), वरच्या पट्ट्यात चर्प पद्धतीने, म्हणजे एकाच स्पंदात कंप्रता बदलत नेत, ध्वनी सोडण्याची सोय, तळाचे छायाचित्रासारखे चित्र काढणारी ८०० किलोहर्ट्झची वेगळी सोय, आतच जीपीएस आणि सागरी नकाशा, आणि बोटीच्या मागच्या फळीवर बसणारा, ध्वनी सोडणारा व ऐकणारा ट्रान्सड्यूसर. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे दोष लिहिले आहेत त्यांतले निम्मे या वर्गातल्या प्रत्येक यंत्राला लागू पडतात आणि उरलेल्यांपैकी काहींना माझी जोडणीच कारणीभूत होती.

यंत्राचे तत्त्व जुनेच आहे. जपानमध्ये फुरुनो बंधूंनी १९४८ साली पहिला व्यावहारिक फिशफाइंडर बाजारात आणला, तेव्हापासून खाली ध्वनी सोडायचा, परत आलेला प्रतिध्वनी ऐकायचा आणि मधल्या वेळावरून अंतर काढायचे, एवढेच काम ही यंत्रे करत आली आहेत. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, म्हणजे ६० मीटर खोल तळाचा प्रतिध्वनी ०.०८ सेकंदात परत येतो. पडद्याच्या उजव्या कडेला दिसते ते या क्षणाचे चित्र असते. त्याच्या डावीकडचे सगळे म्हणजे होऊन गेलेला इतिहास. ही गोष्ट वाचायला सोपी वाटते, पण बोटीवर उभे असताना हमखास विसरली जाते. पडद्याच्या मधोमध दिसणारा मासा बोटीखाली नसतो, बोट त्याला मागे टाकून आलेली असते.

आता मुख्य मुद्दा. ध्वनी खाली शंकूच्या आकारात पसरतो. माझ्या ट्रान्सड्यूसरचा २०० किलोहर्ट्झचा शंकू सुमारे १२ अंशांचा आहे आणि ५० किलोहर्ट्झचा सुमारे ४० अंशांचा. ६० मीटर खोलीवर पहिला शंकू तळावर जेमतेम साडेबारा मीटर व्यासाचे वर्तुळ झाकतो, तर दुसरा जवळजवळ ४४ मीटर व्यासाचे. रुंद शंकू लावला की पडदा माशांनी भरून जातो आणि मन हुरळते. परंतु त्या ४४ मीटरांच्या वर्तुळात मासा डावीकडे आहे की उजवीकडे, पुढे की मागे, हे यंत्राला कळत नाही. सगळे अंतर एकाच उभ्या रेषेवर मांडले जाते. पहिल्या हंगामात मी हाच रुंद शंकू लावून फिरत होतो, कारण त्यात ‘जास्त मासे दिसतात’.

याहून मोठी अडचण तळालगतच्या आंधळ्या पट्ट्याची आहे. शंकूच्या मध्यावरचा तळ यंत्रापासून ६० मीटरांवर असतो, पण शंकूच्या कडेला असलेला मासा तिरप्या रेषेत असल्यामुळे त्याचे अंतर जास्त भरते. हे अंतर ६० मीटरांपेक्षा अधिक झाले की त्याचा प्रतिध्वनी तळाच्या प्रतिध्वनीत मिसळून जातो आणि पडद्यावर मासा असा काही उरत नाही. गणित केले तर ४० अंशांच्या शंकूच्या कडेला तळापासून साडेतीन मीटरांपर्यंतचा मासा दिसतच नाही; १२ अंशांच्या शंकूत हाच पट्टा कडेलाही एक फुटाच्या आसपास राहतो. हा झाला सपाट तळाचा हिशेब. उतारावर किंवा उभ्या खडकाच्या कुशीत हा आंधळा पट्टा आणखी वाढतो, आणि मोठा हेकरू नेमका तिथेच, कपारीच्या तोंडाशी, तळापासून हातभर उंचीवर बसलेला असतो. म्हणजे ज्याच्यासाठी यंत्र घेतले तोच मासा यंत्राला सर्वांत कमी दिसतो. शंकूतून जाणारा मासा पडद्यावर कमानीसारखा उमटतो, आणि जाहिरातीतल्या चित्रांत अशा मोठमोठ्या कमानी पाण्याच्या मधोमध तरंगताना दाखवतात. खडकावरच्या मोठ्या माशाची बहुतेक वेळा अशी कमान उमटत नाही.

तरीही हे यंत्र मी काढून टाकले नाही, याचे कारण तळाविषयी ते जे सांगते ते दुसऱ्या कशानेही कळत नाही. खडकाळ तळ ध्वनी जोरात परतवतो. तळाची पट्टी जाड आणि तेजस्वी दिसते आणि पडद्याची मर्यादा खोलीच्या दुपटीहून जास्त ठेवली तर दुप्पट खोलीवर तळाची दुसरी, फिकट छाया उमटते. ध्वनी तळाला आपटून वर येतो, पाण्याच्या पृष्ठभागावरून पुन्हा खाली जातो आणि परत येतो, त्याची ही खूण. चिखलावर ती पुसट होते किंवा नाहीशी होते. चिखलाच्या विस्तारावरून जाताना ही दुसरी छाया एकदम उजळली की समजावे, खाली काहीतरी कठीण आहे, मग मुख्य पट्टीत उंचवटा दिसो वा न दिसो. माझ्या मते संपूर्ण यंत्रातली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच आहे, आणि माहितीपुस्तिकेत तिला दोन ओळी मिळाल्या आहेत.

दुसऱ्या हंगामातला एक प्रसंग सविस्तर सांगतो, कारण माझे मत तिथे बदलले. खडकाची मोठी रांग नकाशावरही आहे आणि सर्वांना माहीतही आहे. तिच्यावर मासे असतात, पण लहान, आणि आमिष तळाला पोहोचण्याआधीच कुरतडले जाते. त्या दिवशी रांग सोडून प्रवाहाच्या वरच्या अंगाला, साधारण ८०० मीटर दूर, मी हळू वेगाने समांतर फेऱ्या मारत होतो. तळ ५८ मीटरांवर, सपाट, पट्टी पातळ, दुसरी छाया जवळजवळ नाहीच. चौथ्या फेरीत दुसरी छाया अचानक विटकरी रंगाची झाली, आणि मुख्य पट्टीवर जेमतेम अडीच मीटरांचा एक टेंगूळ वर आला व लगेच मावळला. त्याच्या माथ्यावर, एका अंगाला कललेला, धुरासारखा बारीक ठिपक्यांचा पुंजका होता. त्यात एकही कमान नव्हती. आदल्या हंगामात मी हे पाहून पुढे निघून गेलो असतो.

मी वळून आडव्या दिशेने दुसरी फेरी मारली, या वेळी २०० किलोहर्ट्झवर आणि ‘तळ धरून मोठे करणे’ ही सोय लावून. या सोयीत तळ सपाट रेषेसारखा स्थिर धरला जातो आणि त्याच्या वरचे पाच-सात मीटर अर्ध्या पडद्यावर ताणून दाखवले जातात. रुंद शंकूत टेकडीसारखा दिसलेला खडक प्रत्यक्षात मोटारगाडीएवढाच निघाला. रुंद शंकू एका लहान वस्तूला येतानाही पाहतो आणि जातानाही, म्हणून ती पडद्यावर फुगते. ठिपक्यांचा पुंजका म्हणजे चारा होणाऱ्या लहान माशांचा थवा, आणि तो खडकाच्या प्रवाहाकडच्या अंगाला धरून होता. त्याच अंगाला, तळाच्या रेषेला जवळजवळ चिकटून, एक आखूड पण जाड पिवळी रेघ दिसली. तिला कमान म्हणणेसुद्धा धाडसाचे ठरावे. त्या रेघेने दिवस सार्थकी लावला, पण तिथपर्यंत येण्याआधी ती जाडी का महत्त्वाची, हे सांगितले पाहिजे.

पडद्यावरच्या खुणेची लांबी माशाच्या आकाराविषयी फारच कमी सांगते. मासा शंकूत किती वेळ राहिला यावर लांबी ठरते. बोट सावकाश असेल तर बोटभर मासाही लांब कमान काढतो, आणि नांगरलेल्या बोटीखाली स्वस्थ बसलेला मासा पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढत राहतो. आकाराचा अंदाज येतो तो खुणेच्या जाडीवरून आणि रंगाच्या तीव्रतेवरून. त्यातही एक गोम आहे. प्रतिध्वनीचा मोठा भाग माशाच्या मांसातून येत नसून त्याच्या वाताशयातल्या, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीतल्या, हवेतून येतो. हेकरू आणि तांबोशी यांना वाताशय असतो, त्यामुळे ते ठळक उमटतात. मुशी (शार्क) आणि पाकट यांना तो नसतोच, म्हणून माणसाएवढी मुशीसुद्धा फिकट रेघ होऊन निघून जाते. ज्या सोयीत यंत्र स्वतःच प्रतिध्वनीचे माशाच्या चित्रात रूपांतर करते आणि शेजारी खोलीचा आकडा लिहिते, ती पहिल्याच दिवशी बंद करावी. तिला पाण्यातले बुडबुडे, प्रवाळाची टोके, दुसऱ्याच्या दोराला अडकलेले शिसे, सगळे मासेच वाटतात.

चर्पविषयी मात्र जे सांगतात ते खरे आहे. साध्या पद्धतीत एकाच कंप्रतेचा एक मिलिसेकंदाचा स्पंद सोडला तर पाऊण मीटरांपेक्षा जवळ असलेल्या दोन गोष्टी एकच दिसतात. चर्पमध्ये कंप्रतेचा पूर्ण पट्टा झाडून काढला जात असल्याने हे अंतर काही सेंटिमीटरांवर येते. तळापासून हातभर वर असलेला मासा तळापासून सुटा दिसतो तो यामुळेच. वर सांगितलेली पिवळी रेघ जुन्या पद्धतीत तळाच्या पट्टीचा भाग म्हणून गेली असती. याउलट छायाचित्रासारखा तळ दाखवणारी ८०० किलोहर्ट्झची सोय, जिच्यासाठी यंत्राचा हा वरचा प्रकार घेतला, ती इतक्या खोलीवर जवळजवळ निरुपयोगी ठरली. उच्च कंप्रतेचा ध्वनी खारट पाण्यात फार लवकर विरतो. उथळ पाण्यात खडकाची एकेक भेग दाखवणारे चित्र ६० मीटरांवर करडे पडते. खोल पाण्यातच मासेमारी करणाऱ्याने तो पैसा चांगल्या ट्रान्सड्यूसरवर घालावा.

संवेदनशीलता यंत्राच्या मर्जीवर सोडली की पडदा स्वच्छ दिसतो आणि कामाच्या बारीक खुणा त्या स्वच्छतेत धुऊन जातात. पाण्यात थोडी पिसे उडाल्यासारखी ठिपकेदार गर्दी दिसेपर्यंत ती हाताने वाढवावी आणि मग किंचित कमी करावी. जोडणीच्या बाबतीत माझी चूक अशी झाली की ट्रान्सड्यूसर इंजिनाच्या पंख्याच्या फार जवळ बसला, आणि जरा वेग घेतला की बुडबुड्यांमुळे तळच हरवत असे. तो दीड फूट बाजूला आणि थोडा खाली सरकवला तेव्हा निम्मी तक्रार मिटली. उरलेली निम्मी, म्हणजे इंजिन सुरू असताना पडद्यावर उठणाऱ्या तिरप्या रेघा, यंत्राला बॅटरीपासून थेट स्वतंत्र तार दिल्यावर गेली. विक्रेत्याने यातले काहीही सांगितले नव्हते. दोनदा दूरध्वनी करूनही ‘सॉफ्टवेअर नवे करून पाहा’ एवढेच उत्तर मिळाले. सेवेबाबत माझी नाराजी एवढीच, पण ती मोठी आहे.

खडक सापडला म्हणजे गळ त्यावर पडला असे होत नाही, आणि इथे यंत्रातला जीपीएस ध्वनीइतकाच उपयोगी पडतो. ६० मीटर खाली जायला मोठ्या शिशालाही अर्धा मिनिट लागतो, आणि एका नॉटचा प्रवाह तेवढ्या वेळात त्याला सुमारे १५ मीटर वाहून नेऊ शकतो. मोटारगाडीएवढ्या खडकासाठी १५ मीटरांची चूक म्हणजे पूर्ण चूक. त्यात नांगराचा दोर खोलीच्या तिप्पट, म्हणजे १८० मीटर सोडला तर बोट नांगरापासून जवळपास १७० मीटर दूर वाहत जाऊन स्थिरावते. म्हणून आता मी आधी इंजिन बंद करून पाच मिनिटे बोट वाहू देतो, नकाशावर उमटणाऱ्या तिच्या मागावरून वारा आणि प्रवाह मिळून तिला कुठे नेत आहेत ते पाहतो, आणि त्याच रेषेत मागे जाऊन नांगर टाकतो. नांगर अशा रीतीने वाळूत किंवा चिखलात पडतो, खडकावर नाही. प्रवाळ मोडत नाही, नांगर अडकून गमवावा लागत नाही, आणि साखळीच्या खडखडाटाने खडकावरचे मासे बिथरत नाहीत. उधाणाच्या दिवसांत हे सगळे गणित कोलमडते, इतका ओढ असतो. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते त्या दिवसांच्या, पाण्यात ते जमते. माझ्या नोंदींत मोठ्या माशाचे बहुतेक घास पाणी थबकून पुन्हा वाहू लागल्यानंतरच्या पहिल्या तासातले आहेत.

खुणा नोंदवण्याची पद्धत मात्र सुधारायला हवी. बटण दाबले की जागा नोंदली जाते ती बोटीच्या त्या क्षणाच्या स्थानाची, आणि तोवर खडक मागे पडलेला असतो. पडद्यावर हाताचे बोट मागे सरकवून, जुन्या चित्रातल्या नेमक्या जागी टेकवून खूण करण्याची सोय यंत्रात आहे, परंतु ती तिसऱ्या यादीच्या आत दडलेली आहे, आणि ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही. जीपीएसची स्वतःची पाचएक मीटरांची चूक धरली तर दोन आडव्या दिशांनी दोन फेऱ्या मारून खूण पक्की करण्याला पर्याय नाही.

पिवळी रेघ दिसली त्या दिवशी तेच केले. बोट खडकापासून प्रवाहाच्या वरच्या अंगाला सुमारे १५ मीटरांवर स्थिरावली, लहान माशांनी कुरतडू नये म्हणून आमिष मुद्दाम मोठे, अख्खा मासा लावला, आणि शिसे तळाला टेकताच ते दोन वाव (सुमारे साडेतीन मीटर) वर उचलून धरले. वीस मिनिटे काहीच झाले नाही. पडद्यावर धुरकट थवा त्याच जागी होता. मग थवा एकाएकी दुभंगला, त्याच्या खालच्या भागात भोक पडल्यासारखे झाले, आणि पुढच्याच क्षणी काठीचे टोक पाण्यात गेले. हेकरू घास घेतो तो पळण्यासाठी नाही, कपारीत परतण्यासाठी. पहिले चार-पाच मीटर तो वर आला तर आला, नाहीतर दोर खडकावर घासून तुटतो. रिळाचा ब्रेक आधीच घट्ट होता, म्हणून तो आला. वर आला तेव्हा खडकासारख्याच रंगाचा, तपकिरी ठिपक्यांचा, हनुवटीपासून शेपटीपर्यंत माझ्या कमरेला लागेल एवढा होता.

तो परत सोडला. हेकरूंच्या बहुतेक जातींत मासा आधी मादी असतो आणि मोठा झाल्यावर नर होतो, त्यामुळे एका खडकावरचा सर्वांत मोठा मासा काढणे म्हणजे तिथला नर काढणे ठरण्याची शक्यता बरीच असते. तांबोशीच्या बाबतीत मोठी मादी लहान माद्यांच्या कितीतरी पट अंडी घालते. यंत्र जर असे एकाकी खडक दाखवू लागले असेल, तर किती काढायचे हे यंत्राने नव्हे, आपण ठरवायचे असते; शिवाय जिथे जी आकाराची आणि हंगामाची बंधने लागू असतील ती वेगळीच. सोडणेही सोपे नाही. ६० मीटरांवर दाब पृष्ठभागाच्या सातपट असतो. वर येताना वाताशय फुगतो, पोट तोंडातून बाहेर ढकलले जाते आणि मासा नुसता पाण्यात सोडला तर उताणा तरंगत राहतो. जबड्याला धरून वजनासह खाली नेणारा आणि ठरावीक खोलीवर आपोआप सुटणारा चिमटा मिळतो, तो वापरला. चिमटा खाली जाताना २०० किलोहर्ट्झच्या पडद्यावर एक तिरपी रेघ उतरत गेली, ३० मीटरांच्या आसपास ती दोन झाली: एक वर ओढल्या जाणाऱ्या रिकाम्या चिमट्याची आणि दुसरी, जाड, तळाकडे जाऊन खडकाच्या पट्टीत मिसळलेली.

ज्यांना पाण्याच्या मध्यात फिरणारे मासे धरायचे आहेत, त्यांना हे यंत्र पहिल्या दिवसापासून आवडेल. खडकावरच्या मोठ्या माशासाठी घेणाऱ्याने एक पूर्ण हंगाम शिकण्यात जाईल असे धरून चालावे, आणि दोन प्रकारांत निवड करायची झाल्यास लहान पडदा व अरुंद शंकूचा, जास्त शक्तीचा ट्रान्सड्यूसर हा पर्याय घ्यावा. शक्य असल्यास तो बोटीच्या तळातून आरपार बसवून घ्यावा. आणखी एक: नोंदवलेल्या जागा यंत्र फक्त एका लहान कार्डावर उतरवते, आणि त्या कार्डाच्या खाचेवरचे रबरी झाकण माझ्या यंत्रात दुसऱ्या हंगामातच सैल झाले. खारे पाणी आत जाऊन एकदा ४० खुणा गेल्या. तेव्हापासून अक्षांश-रेखांश मी वहीत पेन्सिलीने लिहितो, शेजारी खोली, दुसऱ्या छायेचा रंग आणि थवा खडकाच्या कोणत्या अंगाला होता ते.